श्रमाला मालकी मिळवून देणारा धर्मगुरू

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उत्पादनाचे चार घटक सांगितलेले असतात: भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक. संयोजक भांडवल उभे करतो, श्रम वेतन देऊन विकत घेतो आणि सर्वांची देणी भागवून जे उरते तो त्याचा नफा, हे सूत्र विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात व पुढे जन्मभर ते निसर्गनियमाइतके अटळ मानून चालतात. हे नाते उलटे करावे, श्रमाने भांडवल भाड्याने घ्यावे, त्याला ठरलेले व्याज द्यावे आणि उरलेल्यावर स्वतःचा हक्क सांगावा, असे वर्गात म्हटले तर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. तथापि स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, मोंद्रागोन नावाच्या एका डोंगराळ गावी ही गोष्ट प्रत्यक्षात घडली. ती घडविण्यात पुढाकार होता तो गावच्या चर्चमधील एका दुय्यम धर्मगुरूचा. त्यांचे नाव फादर होसे मारिया अरिझमेंदियारियेता. हे लांबलचक आडनाव पुढे सर्वत्र अरिझमेंदी असे आटोपशीर झाले. आपणही तेच वापरू.

श्रमप्रतिष्ठा हा शब्द व्यासपीठावर फार स्वस्त झालेला आहे. कष्ट करणाऱ्याचे हात पवित्र आहेत असे सांगणारे वक्ते पुष्कळ असतात. त्या हातांना हिशेबाची वही तपासण्याचा अधिकार असावा काय, या प्रश्नाशी मात्र बहुतेकांचे वक्तृत्व थबकते. फादर अरिझमेंदी वक्ते म्हणून अगदीच सामान्य होते. त्यांचे सारे आयुष्य या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले, आणि म्हणूनच त्यांच्या मृत्यूला इतकी वर्षे लोटल्यानंतरही त्यांचे चरित्र उलगडून पाहण्यासारखे आहे.

शेतघर ते तुरुंग

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९१५ रोजी बिस्काया प्रांतातील मार्किना परिसरात एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी एका अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. बास्क प्रदेशातील शेतघर वाटण्या होऊन तुकडे पडू नये म्हणून एकाच अपत्याकडे सोपविण्याची रीत होती. होसे मारिया हे थोरले. परंतु त्यांनी तो वारसा सोडून दिला आणि बालवयातच धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत प्रवेश घेतला. घरची भाषा बास्क होती, स्पॅनिश त्यांना शिकावी लागली. पुढे व्हितोरिआ येथील सेमिनरीत त्यांचे उच्च शिक्षण चालू असताना १९३६ साली स्पेनचे यादवी युद्ध पेटले.

बास्क प्रदेशाची स्थिती या युद्धात विचित्र होती. चर्चचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी जनरल फ्रँको यांच्या बाजूने उभे राहिले, तर कॅथलिक श्रद्धेत तसूभरही कमी नसलेले बहुसंख्य बास्क राष्ट्रवादी प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले. एका डोळ्याने अधू असलेल्या या तरुणाला आघाडीवर पाठविणे शक्य नव्हते. त्यामुळे बास्क सरकारच्या बाजूने निघणाऱ्या नियतकालिकांत लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. जून १९३७ मध्ये बिल्बाओ पडले आणि त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात लावाशेता या नावाने ओळखले जाणारे बास्क कवी व पत्रकार एस्तेबान उर्कियागा यांना फ्रँकोच्या लोकांनी गोळ्या घातल्या होत्या. चौकशीत अरिझमेंदींनी आपण पत्रकार असल्याचे न सांगता सैनिक म्हणून पगार घेत होतो असे सांगितले. त्यामुळे त्यांची गणना युद्धकैद्यांत झाली व ते वाचले. सुमारे महिनाभराच्या तुरुंगवासानंतर त्यांना फ्रँकोच्याच सैन्यात बुर्गोस येथे चाकरी करावी लागली. उरलेले शिक्षण त्यांनी त्यानंतर पुरे केले आणि डिसेंबर १९४० मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

त्यांची इच्छा बेल्जियममधील लूव्हेन येथे जाऊन समाजशास्त्र शिकण्याची होती. बिशपांनी ती नाकारली आणि त्यांची नेमणूक मोंद्रागोन येथे केली. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी पंचविशीतला हा तरुण त्या गावी उतरला. मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ छत्तीस वर्षे, त्यांचे कार्यक्षेत्र तेच राहिले.

मोंद्रागोनचा धर्मग्राम

कॅथलिक पंथात प्रत्येक चर्चच्या कक्षेतील वस्तीला पॅरिश म्हणतात. वसईकडील आपले ख्रिस्ती बांधव त्यालाच धर्मग्राम असा सुंदर शब्द वापरतात. जन्म, विवाह, आजार आणि मृत्यू या साऱ्या प्रसंगी धर्मग्रामातील माणसे एकाच घंटेच्या आवाजाला बांधलेली असतात. मोंद्रागोनच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चचा धर्मग्राम मात्र १९४१ साली मनाने दुभंगलेला होता. आठ-नऊ हजार वस्तीचे हे गाव लोखंडकामासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. कुलुपे व लोखंडी सामान बनविणारी उनियॉन सेर्राहेरा ही कंपनी गावाची अन्नदाती आणि म्हणूनच गावाची धनी होती. ऑक्टोबर १९३४ मधील कामगारांच्या उठावात या कंपनीचे एक प्रमुख, संसद सदस्य मार्सेलिनो ओरेखा, मारले गेले होते. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, फ्रँकोच्या सैन्याने गाव घेतल्यावर याच चर्चमधील तीन धर्मगुरूंना गोळ्या घालण्यात आल्या. कोणत्या घरातील कोण कोणत्या बाजूला होता, हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि त्याविषयी उघड बोलण्याची सोय कोणालाच नव्हती. कामगार संघटनांवर बंदी आलेली, शिधा तुटपुंजा, आणि विजेत्यांची मिरवणूक रोज दारावरून जाणारी, असा तो काळ होता.

अशा गावात नव्या फादरांचे पहिले प्रवचन ऐकून लोक निराश झाले. त्यांचा आवाज एकसुरी, वाक्ये लांब व गुंतागुंतीची, विषय अमूर्त. परंतु प्रवचनपीठावरून जमेना ते त्यांना छोट्या बैठकांत उत्तम साधले. कॅथलिक युवक मंडळाच्या निमित्ताने ते तरुण कामगारांना गोळा करीत आणि त्यांच्याशी धर्म, वेतन, मालकी, शिक्षण अशा विषयांवर बोलत. त्यांच्या एका निकटच्या सहकाऱ्याच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या चौदा-पंधरा वर्षांत अशा दोन हजारांहून अधिक बैठका झाल्या. म्हणजे दर तीन दिवसांच्या आत एक. गावातील मुलांसाठी त्यांनी क्रीडामंडळ स्थापन केले व फुटबॉलचे मैदान मिळविले. दुभंगलेल्या गावाला एकत्र उभे राहण्यास काही निमित्त हवे होते, आणि चेंडू हे त्यांतील सर्वांत निरुपद्रवी निमित्त होते, हे त्यांनी अचूक ओळखले.

या बैठकांमागे एक वैचारिक परंपरा होती. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीविषयी परिपत्रक काढून न्याय्य वेतनाचा आणि कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला होता. अकराव्या पायस यांनी १९३१ साली त्याच्या पुढे जाऊन, वेतनाच्या कराराला शक्य तेथे भागीदारीच्या कराराची जोड द्यावी, असे सुचविले होते. मूळ धर्मश्रद्धा तर याहूनही जुनी: देवाने सृष्टी अपुरी ठेवली, ती पुरी करण्याचे काम माणसाकडे दिले, आणि म्हणून काम करणारा माणूस हा निर्मात्याचा सहकारी ठरतो. हे सारे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत होते. एखाद्या गावातील लेथ चालविणाऱ्या माणसापर्यंत ते कोणत्या वाटेने पोचावे, हे ग्रंथांत नव्हते.

आधी शाळा

अरिझमेंदींनी वाट धरली ती शाळेची. उनियॉन सेर्राहेराची स्वतःची एक उमेदवारी शाळा होती. पण तिचे दार मुख्यतः आपल्याच कामगारांच्या मुलांसाठी उघडे असे. फादर तेथे शिकवीत. ही शाळा गावातील सर्व मुलांना खुली करावी, अशी विनंती त्यांनी कंपनीला केली आणि ती नाकारली गेली. तेव्हा त्यांनी गावाकडे मागणे मागितले. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवण्यात आल्या. ज्यांना नवी शाळा हवी असेल त्यांनी आपण काय देऊ शकतो ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे, असे आवाहन झाले. हुकूमशाहीच्या त्या काळात मतपेटी ही वस्तू लोक विसरत चालले होते. सुमारे सहाशे चिठ्ठ्या आल्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये २० मुलांना घेऊन तांत्रिक शाळा सुरू झाली.

या शाळेचे वैशिष्ट्य असे की, ती कुशल हात तयार करून थांबली नाही. कामगाराच्या मुलाने कारागिरापर्यंत शिकावे आणि वरच्या खुर्च्या शिकलेल्या घरांतील मुलांसाठी मोकळ्या सोडाव्यात, ही अलिखित मर्यादा फादरांना मान्य नव्हती. दूरच्या विद्यापीठात मुले पाठविण्याइतका पैसा या घरांत नव्हता. म्हणून त्यांनी झारागोझा येथील संस्थेशी बोलणी करून, नोकरी सांभाळून अभ्यास करायचा व परीक्षेपुरते तेथे जायचे, अशी सवलत मिळविली. १९४६ साली ११ तरुणांनी नावे नोंदविली. दिवसभर कारखाना, संध्याकाळी अभ्यास, असा क्रम वर्षानुवर्षे चालवून ते १९५२ साली तांत्रिक पदवीधर झाले. आपल्याकडे दिवसा कचेरीत खर्डेघाशी करून सकाळच्या वा रात्रीच्या महाविद्यालयात पदवी मिळविणाऱ्यांना या तपश्चर्येचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ज्ञानाची वाटणी झाली की सत्तेची वाटणी करणे शक्य होते, हे त्यांचे मूलभूत गृहीत होते. मालकी आधी देऊन शिक्षण मागाहून देणाऱ्या योजना जगात अनेक ठिकाणी फसल्या आहेत. अडाणी मालकाची मालकी दुसराच कोणी चालवितो, हे त्याचे साधे कारण. मोंद्रागोनमध्ये शाळा आणि पहिला कारखाना यांच्यामध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे. तेरा वर्षे मशागतीत घालविण्याची ही चिकाटी त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

रॉकेलच्या शेगड्यांचा कारखाना

पदवी घेतलेल्या तरुणांपैकी पाचजण, लुईस उसातोर्रे, हेसुस लार्रान्यागा, अल्फोन्सो गोर्रोन्योगोइतिया, होसे मारिया ओर्माएचेआ आणि हाव्हिएर ओर्तुबाय, उनियॉन सेर्राहेरातच जबाबदारीच्या जागांवर होते. कंपनीचे भांडवल वाढविले जात असताना कामगारांनाही मालकीत वाटा मिळावा, असा प्रयत्न त्यांनी प्रथम केला. तो फेटाळला गेला. तेव्हा १९५५ साली त्यांनी सुरक्षित नोकऱ्या सोडून स्वतःचा कारखाना काढण्याचे ठरविले. स्पेनमध्ये त्या काळी नवा उद्योग काढण्यास सरकारी परवाना लागे आणि तो मिळणे दुरापास्त असे. म्हणून व्हितोरिआ येथील एक बुडालेला, परंतु परवाना असलेला छोटा कारखाना विकत घेतला गेला. त्यासाठी पैसा आला तो मोंद्रागोनमधील शंभराच्या आसपास घरांतून. कारखान्याचा नेमका आराखडा तयार नव्हता, तारण नव्हते. लोकांनी विश्वास टाकला तो या पाच मुलांवर आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या फादरांवर.

एप्रिल १९५६ मध्ये मोंद्रागोन येथे नव्या इमारतीचा पायाभरणी समारंभ झाला. पाचजणांच्या आडनावांतील आद्याक्षरे जुळवून कारखान्याचे नाव उल्गोर ठेवले गेले. दोन डझनांच्या आसपास माणसे आणि उत्पादन रॉकेलच्या शेगड्यांचे. त्या वेळी संस्थेची घटना कोणत्या कायद्यात बसवावी, हेही ठरलेले नव्हते. कागद पुरे व्हायला १९५९ साल उजाडले.

ती घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना म्हटले की सभासद म्हणजे ऊस पिकविणारा शेतकरी. कारखान्यातील कामगार आणि शेतातील ऊसतोडणी मजूर हे त्या सभासदत्वाबाहेर राहतात. मोंद्रागोनमध्ये सभासद म्हणजे काम करणारा माणूस. दाखल होताना त्याने भांडवलाचा आपला वाटा भरायचा. एकदम जमत नसेल तर पगारातून हप्त्याने. सर्वसाधारण सभेत प्रत्येकाला एकच मत, मग तो मुख्य अभियंता असो वा झाडू मारणारा. सभा नियामक मंडळ निवडते आणि मंडळ व्यवस्थापकाची नेमणूक करते. सर्वांत खालचे वेतन एक धरले तर सर्वांत वरचे तिपटीपेक्षा अधिक असू नये, असा नियम होता. पुढे बाजाराच्या दडपणाने हे प्रमाण वाढले, तरी खासगी कंपन्यांतील दरीच्या मानाने ते फारच सौम्य राहिले. वर्षअखेरच्या शिलकेतील दहावा हिस्सा समाजकार्यासाठी, काही हिस्सा सामायिक राखीव निधीत आणि उरलेला प्रत्येकाच्या नावे असलेल्या भांडवल खात्यात जमा होई. हे खाते निवृत्तीपर्यंत काढता येत नसे. नफ्याची रक्कम हाती न पडता कारखान्यातच गुंतून राही आणि तोटा आला तर त्याच खात्यांतून वजा होई. मालकीचे सुख आणि मालकीची धास्ती अशी दोन्ही कामगाराच्या पदरात घातली गेली.

लोकांची पेढी

कारखाना वाढू लागला तसे अरिझमेंदींना कळून चुकले की, पैसा दुसऱ्याच्या हाती राहिला तर श्रमाची मालकी नाममात्र ठरेल. त्यांनी सहकाऱ्यांपुढे स्वतःची बँक काढण्याची कल्पना मांडली. शेगड्या बनविणाऱ्या या अभियंत्यांना ती शुद्ध वेडेपणाची वाटली. फादरांनी वाद घातला नाही. काहा लाबोराल पोपुलार, म्हणजे कष्टकरी जनतेची पेढी, या नावाने त्यांनी स्वतःच नियमावली लिहिली, न झालेल्या स्थापना सभेचे इतिवृत्त तयार केले आणि त्यावर दोन सहकाऱ्यांच्या सह्याही आपल्याच हाताने केल्या, असे ते सहकारी पुढे सांगत. १९५९ साली पेढीला मान्यता मिळाली. एका धर्मगुरूचा हा उद्योग नीतिशास्त्राच्या परीक्षेत उतरणार नाही, हे उघड आहे. चरित्रकाराने तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. लोकशाही संस्था घडविण्याची घाई झालेल्या माणसाने लोकशाहीची पायरी चुकविली, एवढेच म्हणता येईल. ही विसंगती त्यांच्या कार्यात अधूनमधून डोकावते.

पेढीने गावोगाव शाखा काढल्या. गावाची बचत गावातच न राहिली तर मुलांना पोटासाठी परमुलखात जावे लागेल, असा तिच्या प्रचाराचा आशय असे. शेतकऱ्यांची व छोट्या कुटुंबांची बचत अशा रीतीने नव्या सहकारी कारखान्यांच्या उभारणीस लागली. पेढीने पैशाबरोबर हिशेब तपासण्याचे, बाजार पाहण्याचे आणि अडचणीतील संस्थेला सल्ला देण्याचेही काम अंगावर घेतले. सभासद हे मालक असल्यामुळे ते कामगार ठरत नाहीत, सबब सरकारी विमा योजनेचा लाभ त्यांना मिळणार नाही, असे स्पेनच्या सरकारने ठरविले, तेव्हा आजारपण व निवृत्तिवेतन यांसाठी त्यांनी लागून आरो ही स्वतःची व्यवस्था उभारली. १९६६ साली आलेकोप ही विद्यार्थ्यांची सहकारी संस्था निघाली. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शिक्षण, त्यामुळे फीसाठी कोणापुढे हात पसरणे नाही. सुरुवातीच्या काळात लग्न झालेल्या स्त्रियांना कारखाना सोडावा लागे. हा नियम धर्मग्रामाच्या रूढीतूनच आलेला होता. १९६९ साली आउझो लागुन ही स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली. घर सांभाळून ठरावीक तास काम करता येईल अशी तिची रचना होती, आणि तिच्यामागे फादरांची प्रेरणा होती. १९७४ साली इकेर्लान हे संशोधन केंद्र निघाले. परदेशी यंत्रांचे परवाने विकत घेऊन कायमचे चालणार नाही, हे त्यांनी पुष्कळ आधी हेरले होते.

या साऱ्या पसाऱ्यात अरिझमेंदींनी कोणतेही अधिकारपद घेतले नाही. सकाळची मिस्सा, शाळेतील तास, बैठका आणि पत्रव्यवहार असा त्यांचा दिवस असे. ते सायकलवरून हिंडत. पुढे हृदयविकाराने थकल्यावर सायकलच्या जागी छोटी मोपेड आली. कारखानदार त्यांना लाल धर्मगुरू म्हणून नावे ठेवीत. जहाल डाव्यांना आणि बास्क राष्ट्रवाद्यांतील उग्र गटांना ते कामगारांची लढाऊ धार बोथट करणारे वाटत. फ्रँको राजवटीने साठीच्या दशकात त्यांना श्रमसेवेचे सुवर्णपदक दिले, त्यामुळे या टीकाकारांना आणखी एक मुद्दा मिळाला.

कसोटीचे क्षण

टीका अगदीच निराधार नव्हती, हे जून १९७४ मध्ये दिसून आले. दोन डझन माणसांनी सुरू झालेल्या उल्गोरमध्ये आता तीन हजारांहून अधिक सभासद होते. कामांचे मूल्यमापन करून वेतनश्रेणी नव्याने ठरविण्याची पद्धत आली, तिच्याविरुद्ध असंतोष वाढला आणि सुमारे चारशेजणांनी संप केला. मालकांनी स्वतःविरुद्ध संप कसा करावा, असा पेच पडला. अंतर्गत प्रश्नावर संप करणे घटनेने निषिद्ध ठरविलेले होते. नियामक मंडळाने १७ जणांना काढून टाकले आणि सर्वसाधारण सभेने बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब केले. नियमाच्या दृष्टीने हे चोख होते. परंतु ज्या संस्थेचा जन्म कामगाराचे म्हणणे कोणी ऐकत नाही या दुःखातून झाला, तिनेच आपल्या माणसांचे म्हणणे कामावरून काढून संपवावे, ही गोष्ट पुष्कळांच्या मनाला लागून राहिली. मत देण्याचा अधिकार वर्षातून एकदा बजावता येतो. यंत्रासमोरचा माणूस मात्र रोज आठ तास कोणाच्या तरी हुकमाखाली असतो. या दोहोंमधील अंतर घटनेतील कलमांनी भरून निघत नाही, हा धडा मोंद्रागोनला तेव्हा मिळाला. काही वर्षांनी सभेने पुन्हा मतदान करून काढलेल्यांना परत घेण्याचा निर्णय केला. तो पाहण्यास फादर अरिझमेंदी हयात नव्हते. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी मोंद्रागोन येथेच त्यांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या जीवनातील सद्गुणांना अधिकृत मान्यता दिली. संतपदाच्या मार्गावरील ही एक महत्त्वाची पायरी होय.

त्यांच्या पश्चात हा वृक्ष फोफावला. आज सुमारे ८० सहकारी संस्था आणि ७० हजारांच्या आसपास काम करणारी माणसे या समूहात आहेत. २० मुलांच्या शाळेतून वाढलेल्या शिक्षणसंस्थांचे १९९७ साली विद्यापीठ झाले. तथापि बाजाराने या संस्थांना वेगळा न्याय लावला नाही. उल्गोरचीच पुढची पिढी असलेला फागोर हा घरगुती उपकरणांचा कारखाना २०१३ साली दिवाळखोरीत गेला. २००५ मध्ये एक फ्रेंच कंपनी विकत घेताना केलेले कर्ज, २००८ नंतर स्पेनमध्ये कोसळलेला घरबांधणी व्यवसाय आणि स्वस्त मालाची स्पर्धा ही त्याची ठळक कारणे. सभासदांच्या नावे साठलेले भांडवल बुडाले. मात्र समूहातील इतर संस्थांनी बहुतेक सभासदांना आपल्याकडे सामावून घेतले किंवा लवकर निवृत्तीची सोय केली. खासगी कारखाना बुडाला असता तर एवढी माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली असती. २०२२ साली उल्मा आणि ओरोना या दोन मोठ्या संस्थांनी मतदान करून समूहाबाहेर पडणे पत्करले. निर्णय कोणास आवडो वा न आवडो, तो त्या संस्थांमध्ये काम करणाऱ्यांनीच घेतला होता.

याहून बोचणारा प्रश्न समूहाच्या परदेशांतील कारखान्यांचा आहे. तेथील बहुसंख्य कामगार सभासद नाहीत. ते साधे पगारी नोकर आहेत. मोंद्रागोनमधील कामगार हा दूरच्या देशातील कामगाराचा मालक बनला, असे यावर म्हटले जाते आणि त्याला समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. धर्मग्रामाची घंटा जेथवर ऐकू जाते तेथवर माणसे एकमेकांना ओळखतात, एकमेकांसाठी झीज सोसतात. घंटेच्या पलीकडे राहणाऱ्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या माणसाच्या श्रमालाही तीच प्रतिष्ठा द्यायची, तर शाळेपासून सुरू होणारे ते तेरा वर्षांचे काम तेथेही नव्याने करावे लागेल. तेवढा धीर नफ्यातोट्याच्या पत्रकात सहसा नसतो.

शिक्षक, कारकून व विद्यार्थी अशा आपणा वाचकांना या चरित्रातून घेण्यासारखे काय आहे? आपल्यापैकी अनेकजण पगारदारांच्या पतपेढीचे सभासद आहेत. एका सभासदाला एक मत, हे तत्त्व आपल्याला तेथे अगदी स्वाभाविक वाटते. त्याच पतपेढीत रोज सकाळी टेबले पुसणाऱ्या माणसाचे त्या तत्त्वात स्थान कोठे, हा प्रश्न आपल्या वार्षिक सभेत क्वचितच कोणी विचारतो. पंचविशीतल्या एका धर्मगुरूने १९४१ साली एका भयग्रस्त गावात पाऊल टाकल्यावर हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर भाषणात देणे जमत नाही असे दिसल्यावर २० मुलांची शाळा काढली होती.